आज किती?

"मामा, तू माझ्याच गोळ्या का चोरल्यास?"

एवढं एक वाक्य बोलून दाखवायचं, अशी पैज होती. शब्द बदलायचे नाहीत, 'चोरल्यास'च्या जागी 'घेतल्यास' ही पळवाट चालायची नाही, आणि विचारताना जमिनीकडे बघायचं नाही, असे नियम रेडिओने मधल्या सुट्टीत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढले आणि खाली सही ठोकली. रेडिओ म्हणजे छटाकच्या बाकावरची मैत्रीण. सकाळी लागते ती झोपेपर्यंत बंद होत नाही, मधूनमधून बातम्याही देते. साक्षीदार म्हणून उंचीने सही केली. तिला उंची का म्हणतात, हे ती उभी राहिल्यावर कुणी विचारत नाही.

आणि छटाक ती छटाक. शेराचा सोळावा भाग म्हणजे एक छटाक. हे माप आता बोलण्यातच उरलंय. पण ती जन्मल्यावर तिला पहिल्यांदा हातात घेऊन मामा म्हणाला होता, ताई, ही तर छटाकभरच आहे. मामाचा धंदा काटे आणि तराजू दुरुस्त करायचा, त्यामुळे माणसंसुद्धा त्याला आधी वजनात दिसायची. नाव चिकटलं ते चिकटलं. आता ती पंधरा वर्षांची झाली, खांद्याने आईला मागे टाकलं, तरी छटाकच.

पैज लागली त्यालाही कारण होतं. या वर्षी छटाकला कंठ फुटला होता. वादविवादात तिने वरच्या वर्गाला गारद केलं, गणिताच्या बाईंची फळ्यावरची चूक उभं राहून दाखवली, आणि बसच्या रांगेत घुसणाऱ्या एका काकांना "काका, शेपूट मागे आहे" असं अगदी आदराने सांगितलं. "अख्ख्या जगाला जाब विचारत फिरतेस," रेडिओ म्हणाली, "आणि ज्याला विचारायचाय त्याचं दुकान आलं की खिडकीला नाक लावून बसतेस."

ते खोटं नव्हतं. शाळेची बस रोज त्या चौकात सिग्नलला थांबायची. छटाक कायम डाव्या बाजूला बसायची. चौकातून एक गल्ली आत जायची आणि गल्लीतलं तिसरं दुकान मामाचं. सिग्नल लाल असेल तोवर दिसायचं काय, तर अर्धं वर केलेलं शटर, आत पिवळा दिवा, आणि कधीकधी एक कोपर. कोपर दिसलं की तिचा दिवस बरा जायचा. सिग्नल हिरवा झाला की तिला त्या रंगाचा राग यायचा. चार वर्षं तिने मामा एवढाच बघितला होता.

चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच घरात राहायचा, गॅलरीला लागून असलेल्या खोलीत. जिना चढताना शीळ घालायचा. तीन मजले, एकच धून, आणि धून संपायची ती बरोबर दारात. संपली नाही तर तो शेवटच्या पायरीवर उभा राहून ती संपवायचा आणि मगच बेल वाजवायचा. अजूनही जिन्यात कुणा परक्याने शीळ घातली, तर आईचं शिलाई मशीन क्षणभर थांबतं. आई पडदे शिवते, मोठमोठ्या खिडक्यांचे, दिवसभर मशीन चालू. ती म्हणते दोरा तुटला. दोरा तुटलेला नसतो.

मामाचं दुखणं एका कारखान्याच्या जिन्यावर सुरू झालं. कारखान्यातले मोठे काटे तपासायला वीस-वीस किलोची लोखंडी वजनं उचलून न्यावी लागतात. एक पायरी चुकली, वजन एकीकडे आणि मामा एकीकडे. कण्यात दोन स्क्रू बसले. स्क्रू बसले पण दुखणं काही उठलं नाही; पाहुणा यावा आणि सामान लावून घरचाच होऊन बसावा तसं ते राहिलं. मामा उभा राहिला की दुखायचं, बसला की वेगळं दुखायचं. झोप उडाली. काम तुटत गेलं. जो माणूस पोस्टमनलाही विनोद सांगितल्याशिवाय सोडत नसे, तो दार लावून बसायला लागला.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं, रोज सकाळी त्यांना विचारा, शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय, आणि तो आकडा लिहून ठेवा. मामा तेव्हा गुंगीत होता. आईने ते काम छटाकला दिलं. छटाक आठ वर्षांची, तिला वाटलं आपल्याला सरकारी नोकरीच लागली. दप्तर पाठीला लावून ती रोज त्याच्या दारात उभी राहायची आणि विचारायची, "मामा, आज किती?" आतून आकडा यायचा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकोनात ती तो लाल पेन्सिलीने लिहायची. कॅलेंडर बाबांच्या छापखान्यातलं, चौकोन ऐसपैस. महिना संपला की बाबा ते पान काढून डॉक्टरांकडे घेऊन जायचे, कारण इस्पितळाच्या बाकड्यावर दोन-दोन तास बसणं मामाला जमायचं नाही. डॉक्टर पान बघायचे, मान हलवायचे, औषध वाढवून द्यायचे. पहिल्या महिन्यात दोन, दोन, तीन. वर्षभराने पाच. तिसऱ्या वर्षी सात आणि आठ. आई आकडे बघून म्हणायची, काय सोसतंय हे पोर. मामा तेव्हा पस्तिशीचा होता.

मग छटाकचा हात मोडला. अकरा वर्षांची असताना, सायकलवरून, मनगटाजवळ. प्लॅस्टर घातलं, दुखण्यावर गोळ्यांची एक छोटी बाटली दिली. आणि हात दुखायचा थांबेचना. चार दिवस ती उशीत तोंड खुपसून रडली. आई म्हणाली, गोळी घेतलीस ना, आता थांबेल. थांबलं नाही. पाचव्या दिवशी बाबांनी गोळी उजेडात धरली. बाबा छापखान्यात प्रुफं तपासतात, त्यांच्या नजरेतून उकारही सुटत नाही. गोळीवरची बारीक अक्षरं आणि बाटलीवरचं नाव जुळत नव्हतं. बाटलीत आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या.

त्या संध्याकाळी मामा घरातून गेला. आई ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीचं औषध तू गिळलंस, आणि तिचं रडणं भिंतीपलीकडून ऐकत बसलास." नंतर कळलं की तो गोळ्यांची सवय सोडवायला कुठल्याशा केंद्रात गेला, सहा महिने राहिला, परत आला, बंद पडलेलं दुकान पुन्हा उघडलं, दुकानामागच्या खोलीत राहू लागला. बाबा एकदा जाऊन आले असावेत. घरात त्याचं नाव निघत नव्हतं. आणि नाव निघत नाही म्हणून आठवण निघायची थांबते, असं कुठे असतं? रागाचं तर छटाकला नवलच वाटायचं. राग यायचा तो यायचाच, पण त्याच्या मागोमाग, शेपटीला बांधल्यासारखी, ती शीळही यायची.

निमित्त मात्र आयतं मिळालं. शाळेच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू अचानक चुकीचं वजन दाखवायला लागला. प्रयोगशाळेच्या सरांनी विचारलं, काटेवाल्याकडे कोण नेऊन देईल? सर वाक्य संपवायच्या आत छटाकचा हात वर होता. उंची खिडकीबाहेर बघत होती, जरा जास्तच निरागस चेहऱ्याने.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी एक वाजता तिघी त्या चौकात उतरल्या. रेडिओ आणि उंची समोरच्या बसथांब्यावर बसल्या, आणि छटाक पेटी पोटाशी धरून गल्लीत शिरली. चालताना पेटीतली पारडी किणकिणत होती.

मामा उंच टेबलाशी उभा राहून काम करत होता. केस बरेच पांढरे झाले होते. पुढ्यात सोनाराचा असावा असा नाजूक काटा. छटाकने आत पाऊल टाकलं, फळी करकरली, आणि त्याने वर न बघता तळहात उभा केला.

"हलू नका. फळी हलली की काटा हलतो."

छटाक एका पायावर थांबली. चार वर्षांनी पहिला शब्द, आणि तो 'हलू नका'. काटा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, डावीकडे कमी गेला. भिंतीवर लहानमोठी पारडी टांगलेली, एका फळीवर पितळी वजनं उतरत्या भाजणीने मांडलेली, कोपऱ्यात तो धान्याच्या पोत्यांचा मोठा टांगता तराजू, ज्यात दर वाढदिवसाला मामा तिला बसवायचा. तेलाचा तोच वास. काटा थांबला. मामाने वर बघितलं.

हातातला चिमटा त्याने खाली ठेवला, आणि इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही.

"शाळेचा तराजू आहे," छटाक म्हणाली. "चुकीचं दाखवतो."

त्याने पेटी घेतली, काच सरकवली, दांडी बघितली, पारडी पाहिली. मग डावं पारडं उलटं करून तिच्यापुढे धरलं. खाली चिकटवलेलं, सुकून दगड झालेलं, गुलाबी च्युइंगगम होतं.

"दात उंच माणसाचे आहेत," बसथांब्यावरून मान लांब करून बघणाऱ्या उंचीकडे नजर टाकत मामा म्हणाला.

छटाकच्या नाकातून हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळ्यांतून पाणीही, म्हणजे सगळा घोटाळा झाला. मामाने फडकं पुढे केलं. त्याला तेल लागलं होतं. तिने तेही घेतलं. मग नियमाप्रमाणे जमिनीकडे न बघता, 'चोरल्यास' हा शब्द न गाळता, तिने विचारून टाकलं.

मामाने स्टूल तिच्याकडे सरकवलं. स्वतः उभाच राहिला; जास्त वेळ बसणं अजूनही जमत नाही, म्हणाला. मग तो गम खरवडू लागला.

"चार वर्षं या प्रश्नाची उत्तरं तयार करतोय," तो म्हणाला. "फार दुखत होतं, हे एक. डोकं ठिकाणावर नव्हतं, हे दुसरं. सगळी तोलून बघितली, सगळी हलकी निघाली. खरं एवढंच, की तुझ्याच होत्या असं नाही. हाताशी होत्या. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर त्याच्या उचलल्या असत्या."

पैजेसाठी एवढं उत्तर पुरलं असतं. छटाक उठली नाही. मामा सांगत गेला, तुकड्यातुकड्याने, मध्ये फुंकर मारून धूळ उडवत. पाठ दुखायची हे खोटं नव्हतं. पण पुढेपुढे दुखण्यापेक्षा दुखेल याची धास्ती मोठी झाली. झोप नसायची, काम नसायचं, बहिणीच्या घरात आयतं खातोय ही बोच असायची, आणि गोळी घेतली की पाठीबरोबर ही बोचही बोथट व्हायची. शरीराला सवय लागली, मग तेवढ्याच गोळीने भागेना. गोळीला उशीर झाला की अंगावर काटा, घाम, हाडं फिरल्यासारखी, आणि पाठ आधीपेक्षा दुप्पट. मग दुखतंय म्हणून गोळी की गोळी नाही म्हणून दुखतंय, हे त्याचं त्यालाच कळेना. त्याने भिंतीवरचा एक स्प्रिंगचा काटा दाखवला. त्याला काहीच टांगलेलं नव्हतं आणि तरी तो दोन किलो दाखवत होता. वर्षानुवर्षं ओझं लटकत राहिलं की स्प्रिंग दमते, म्हणाला, मग रिकाम्या काट्यालाही ओझं वाटतं.

"आणि मी रडत होते तेव्हा?"

"ऐकू येत होतं." त्याने गमचा शेवटचा कण काढला. "पण शेजारच्या इमारतीत कुणी रडतंय, तसं. ती गोळी तेवढंच करते गं. आपलं दुखणं लांब नेते आणि बरोबर दुसऱ्याचंही नेते. केंद्रात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते रडणं जवळ आलं. अगदी कानाशी. ते मग अजून गेलेलं नाही."

रस्त्यावरून एक गाडी गेली आणि सगळी पारडी थोडीथोडी हलली.

"तुझ्याशी एका गोष्टीत कधी खोटं बोललो नाही," मामा म्हणाला. "सगळ्यांशी बोललो. ताईशी, भावोजींशी. पण तू दप्तर लावून दारात यायचीस, आज किती म्हणायचीस, तेव्हा खरा आकडा सांगायचो. दोन तर दोन, आठ तर आठ. ताईनेच तुला पाठवलंय, लक्ष ठेवायला, हे कळत होतं. तरी तुला खोटं सांगवायचं नाही."

"लक्ष कसलं ठेवायचं?" छटाक म्हणाली. "दुखणं किती आहे ते विचारायचे मी."

मामाने पारडं खाली ठेवलं.

"दुखणं?"

"शून्य ते दहा. डॉक्टरांनी सांगितलेलं, आज किती दुखतंय ते विचारा म्हणून."

"मी गोळ्या सांगायचो," मामा म्हणाला. "आदल्या दिवशी किती घेतल्या त्या."

दुकानात इतकं शांत झालं की सोनाराच्या काट्याचीही हरकत नसती. छटाकच्या डोळ्यांपुढे ते चौकोन उभे राहिले. एक दिवस तिला चांगला आठवत होता: सात लिहिलेला, आणि त्याच दिवशी मामा तिच्याबरोबर जमिनीवर पालथा पडून पुठ्ठ्याचा तराजू करत होता, गुणगुणत होता. सात दुखत असताना कुणी गुणगुणतं का, असं तेव्हा तिच्या मनात आलंही होतं. पण नोकरी सरकारी, आकडा लिहायचा, शहाणपण करायचं नाही.

मग दोघांनी मिळून हिशेब जुळवला, एकाने एक टोक धरायचं आणि दुसऱ्याने दुसरं, चादर घडी करतात तसा. मामाने धास्तीने एक गोळी जास्त घेतली की चौकोनात तीनचे चार व्हायचे. बाबा पान घेऊन जायचे. डॉक्टरांना वाटायचं दुखणं चारवर गेलं, ते गोळी वाढवून द्यायचे. वाढवून मिळाली की मामा पाच घ्यायचा आणि छटाकला पाच सांगायचा. मामाला वाटायचं, मी किती घेतो हे डॉक्टरांना पान बघून माहीत आहे, तरी वाढवतात, म्हणजे बरोबरच असणार. आकडा वाढला म्हणून गोळ्या वाढल्या आणि गोळ्या वाढल्या म्हणून आकडा. तीन वर्षं. पाच माणसं आणि एक शब्द, आणि कुणी विचारलं नाही, किती म्हणजे काय किती?

"म्हणजे मी..." छटाक म्हणाली.

"ए." मामाने टेबलावर बोट वाजवलं. "आठ वर्षांची होतीस. सांगितलेलं लिहीत होतीस, आणि अक्षर चांगलं होतं. जास्तीची पहिली गोळी मी माझ्या हाताने घेतली, तेव्हा कॅलेंडरने धरून भरवली नव्हती. आणि तुझी बाटली उघडली त्या दिवशी तर मला कुणीच काही विचारलं नव्हतं. आकडा चुकला तो सगळ्यांचा. चोरी माझ्या एकट्याची."

तो हे इतकं साधं बोलला की छटाकला रडायचीही चोरी झाली. तिने नाक पुसलं, तेलकट फडक्यानेच, आणि विचारलं, "आता किती असतं? दुखणं विचारतेय हं."

"बरा दिवस असला की तीन. पाऊसपाण्याला पाच." आता त्या जातीच्या गोळ्या तो घेत नव्हता. व्यायाम होता, गरम पाण्याची पिशवी होती, दर बुधवारी त्याच्यासारख्याच दहाबारा जणांची बैठक होती, तिथे म्हणे त्याच्याहून रटाळ विनोद सांगणारा एक निवृत्त मास्तर आहे. काही दिवस अजूनही जड जातात, म्हणाला. हात आपोआप खिशाकडे जातो. खिशात मग तो एक ग्रॅमचं वजन ठेवतो, बोटांना काहीतरी सापडावं म्हणून.

जायच्या आधी छटाक त्या मोठ्या तराजूपाशी गेली. दाराच्या आतल्या बाजूला खडूचे आकडे अजून होते, एकाखाली एक, वाढदिवसांचे. शेवटचा एकतीस. ती पारड्यात चढणार इतक्यात मामा म्हणाला, मला आता पाच किलोच्या वर उचलायची बंदी आहे. मग तिनेच दोन्ही वीस किलोची वजनं ओढत आणून समोरच्या पारड्यात टाकली, धापा टाकत, आणि आपल्या पारड्यात जाऊन बसली. मामाने वर पाच ठेवलं, मग एक. दांडी आडवी झाली. शेहेचाळीस. त्याने खडू घेतला, एकतीसच्या खाली चार ओळींची जागा मोकळी सोडली आणि मग आकडा लिहिला. त्या मोकळ्या जागेकडे दोघांनीही बघणं टाळलं.

"पुढच्या आठवड्यात येते," छटाक म्हणाली. "आईला कळणार नाही."

"मग येऊ नकोस." पहिल्यांदाच त्याचा आवाज कडक झाला. "लपवण्यात मी फार हुशार होतो, छटाक. आता या दुकानात लपूनछपून काही येत नाही, तू पण नाही. रोज वाट बघतो मी. तुमची बस सिग्नलला थांबते तेव्हा शटर अर्धं वर ठेवतो, ते कशाला? पण ताईला सांगून येणार असशील तर ये."

म्हणजे त्या कोपराला माहीत होतं.

बसथांब्यावर रेडिओ चक्क गप्प बसली होती. छटाकने उंचीच्या हातात तो गुलाबी खडा ठेवला आणि म्हणाली, तुझी ठेव. पैज जिंकल्याबद्दल काय हवं, असं दोघींनी विचारलं. ती समोर आलेल्या बसमध्ये चढली.

घरी आई मशीनवर होती, पायांशी निळ्या पडद्याचा ढीग. बाबा नुकतेच आले होते, बोटांची शाई धूत होते. छटाकने कपाटाच्या वरच्या खणातून बाबांची जुनी फाइल काढली. बाबा छापलेला कागद टाकत नाहीत, हे बरं होतं. लाल आकड्यांची छत्तीस पानं तिने पडद्यावर पसरली आणि सगळं सांगितलं, पैजेपासून. कुठे गेले होते, हेही सांगितलं. आईने मशीन बंद केलं. बाबा ओल्या हाताने पानं उलटत राहिले. एरवी एक वेलांटी चुकली तर पान परत पाठवणारा माणूस, त्याने ही पानं दर महिन्याला स्वतः नेऊन दिली होती.

"वर काहीतरी लिहायला हवं होतं," ते म्हणाले. "एक शब्द. नुसते आकडे गेले."

आई पानांकडे बघत नव्हती. "याने काय बदललं?" ती म्हणाली. "बाटली तर त्यानेच उघडली."

"काही नाही बदललं. तोही हेच म्हणाला."

खाली रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. आईने पडद्याची कड उचलली, नखाने घडी दाबली, परत सोडली. मग सुईत दोरा ओवता ओवता, जणू भाजीचा भाव विचारावा तशी, ती म्हणाली, "शीळ घालतो का गं अजून?"

"तिथे जिना नाहीये, आई."

दोरा सुईत जाईना. बाबांनी सुई तिच्या हातातून घेतली.

छटाकने पानं गोळा केली, कडा जुळवल्या, आणि वादविवादात उभी राहते तशी उभी राहिली.

"उद्यापासून दर रविवारी सकाळी दहाला मी मामाच्या दुकानात जाणार आहे आणि बाराला परत येणार आहे," ती म्हणाली. "परवानगी मागत नाहीये, पण लपूनही जाणार नाही, म्हणून सांगतेय. वीस किलोची वजनं त्याला उचलता येत नाहीत, ती मी उचलेन. आणि रोज सकाळी फोन करून त्याला विचारणार आहे, पूर्ण वाक्यात, मामा, आज किती दुखतंय. तुमच्यापैकी कुणाला फोनवर यायचं असेल तर तेव्हा मशीन बंद ठेवा, त्याला नीट ऐकू आलं पाहिजे."